बोलाफुलाची गाठ: फुटबॉलच्या निकालावरून अमेरिकेचा अध्यक्ष ओळखणारा नियम घरच्या घरी कसा तपासायचा

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. मेरीलँडमधल्या लँडओव्हरच्या मैदानावर वॉशिंग्टन कमांडर्स आणि शिकागो बेअर्स यांचा सामना अगदी शेवटच्या क्षणाला आला होता. वॉशिंग्टन १२-१५ असं मागे होतं आणि घड्याळात एकाच डावापुरता वेळ उरला होता. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सनं जीव खाऊन चेंडू लांब भिरकावला. तो खेळाडूंच्या घोळक्यात पडला, कुणाच्या तरी बोटांना लागून उडाला आणि मागे एकट्याच उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात अलगद येऊन बसला. १८-१५. आम्ही व्हर्जिनियात राहतो, त्यामुळे हा संघ आमच्या घरचाच. सोफ्यावरच्या उश्या छताला लागल्या.

आरडाओरडा थांबल्यावर नववीतल्या मुलीनं विचारलं, "बाबा, म्हणजे आता कमला हॅरिस जिंकणार का?"

तिनं शाळेत ऐकलेला नियम असा: वॉशिंग्टनच्या संघानं अध्यक्षीय निवडणुकीच्या आधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला, तर सत्तेतला पक्ष सत्तेत राहतो, हरला, तर व्हाइट हाउसमधला पक्ष बदलतो. याला 'रेडस्किन्स रूल' म्हणतात, कारण संघाचं तेव्हाचं नाव ते होतं. अनेक मूळ अमेरिकी लोकांना ते नाव अपमानास्पद वाटत असे. जुलै २०२० मध्ये संघानं ते सोडलं आणि २०२२ पासून 'कमांडर्स' हे नाव घेतलं. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकी फुटबॉल.

मी म्हटलं, योगायोग आहे गं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. त्यावर ती म्हणाली, "पंधरापैकी पंधरा वेळा?"

तिचं बरोबर होतं. १९४० ते १९९६ या पंधरा निवडणुकांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. 'योगायोग' हा शब्द नुसता तोंडावर फेकला, की समोरच्याचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. योगायोग असेल तर तो मोजून दाखवता आला पाहिजे. पुढचे दोन शनिवार आम्ही दोघांनी तेच केलं. कसं केलं ते इथे पायरीपायरीने लिहितो. सामान फार लागत नाही: वही, पेन्सिल आणि संगणकावरची कुठलीही तक्त्याची शीट. गणित दहावीच्या पलीकडचं नाही. शेअर बाजाराचे 'कधीच न चुकणारे' इशारे किंवा कुणा बाबाची 'शंभर टक्के खरी ठरलेली' भाकितं तपासतानाही याच पायऱ्या उपयोगी पडतात, म्हणून इतक्या तपशिलात शिरतो आहे.

पायरी १: नियम असा लिहा की पळवाट उरणार नाही

वहीच्या पहिल्या पानावर नियम एका वाक्यात लिहा आणि त्यातला प्रत्येक शब्द बोट ठेवून तपासा. सोपं वाटतं, पण आमचा पहिला तास यातच गेला.

'निवडणुकीच्या आधी' म्हणजे नेमकं काय? अमेरिकेत मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होतं. त्या मंगळवारच्या आधी झालेला सामना धरायचा. २००८ मध्ये तो सामना मतदानाच्या आदल्या रात्री, ३ नोव्हेंबरला झाला, तोही चालतो. २०२० मध्ये मात्र ८ नोव्हेंबरचा घरचा सामना मतदानानंतरचा होता, म्हणून मागे जाऊन २५ ऑक्टोबरचा घ्यावा लागतो.

'घरच्या मैदानावर' हे शब्द २०१६ मध्ये अडचणीचे ठरतात. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला वॉशिंग्टनचा सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला आणि २७-२७ असा बरोबरीत सुटला. कागदोपत्री तिथे यजमान होता सिनसिनाटीचा संघ, म्हणून तो आपल्या हिशेबात येत नाही. १६ ऑक्टोबरचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना धरायचा. हे आधी ठरवलं नाही, तर निकाल लागल्यावर ज्याला जो सामना सोयीचा तो धरेल.

आणि 'सत्ता' कुणाची, व्यक्तीची की पक्षाची? पक्षाची. १९८८ मध्ये रेगन गेले आणि थोरले बुश आले, पण पक्ष रिपब्लिकनच राहिला, म्हणजे नियमाच्या भाषेत सत्ता टिकली.

या तीन ओळी पेनाने लिहा, पेन्सिलने नको. नंतर खोडायचा मोह होतो.

पायरी २: तक्ता स्वतः भरा

पाच रकाने आखा: निवडणुकीचं वर्ष, सामन्याची तारीख, सामन्याचा निकाल, सत्ता टिकली की बदलली, नियम बरोबर की चूक. जुन्या सामन्यांचे निकाल 'प्रो फुटबॉल रेफरन्स' या संकेतस्थळावर हंगामाप्रमाणे मिळतात. कुणाच्या लेखातला तयार तक्ता उतरवून घेऊ नका. तयार तक्त्यात कुणीतरी आधीच निर्णय घेतलेले असतात, आणि ते आपल्याला दिसत नाहीत.

सुरुवात १९४० पासून करायची, कारण हा संघ १९३७ मध्ये बोस्टनहून वॉशिंग्टनला आला आणि त्यानंतरची पहिली निवडणूक १९४० ची. १९४० ते १९९६ मध्ये सत्ता टिकली नऊ वेळा: १९४०, १९४४, १९४८, १९५६, १९६४, १९७२, १९८४, १९८८ आणि १९९६. बदलली सहा वेळा: १९५२, १९६०, १९६८, १९७६, १९८० आणि १९९२. शेजारच्या रकान्यात संघाच्या नऊ विजयांची आणि सहा पराभवांची नोंद तंतोतंत त्याच वर्षांसमोर येते. तक्ता भरताना अंगावर काटा येतो, हे मी मोकळेपणी सांगतो. मुलगी तर प्रत्येक ओळीला "परत!" म्हणून ओरडत होती.

१९४८ ची ओळ भरताना जरा थांबा. त्या वर्षी झाडून सगळे अंदाज ड्यूई जिंकणार असं सांगत होते आणि जिंकले सत्तेवर असलेले ट्रूमन. वॉशिंग्टनचा संघ त्याआधी घरचा सामना जिंकला होता. म्हणजे मोठमोठे जाणकार चुकले आणि फुटबॉलनं खरं सांगितलं? तसं म्हणता येत नाही, कारण १९४८ मध्ये फुटबॉलला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आमच्या शोधाची दिशा इथून बदलली.

पायरी ३: नियम कधी सापडला ते शोधा आणि तिथे तांबडी रेघ मारा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी ही आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

हा नियम २००० साली सापडला. खेळांची आकडेवारी ठेवणाऱ्या इलायस स्पोर्ट्स ब्युरोचे स्टीव्ह हर्ट हे ३० ऑक्टोबर २००० च्या सोमवार-रात्रीच्या प्रक्षेपणासाठी काहीतरी वेधक माहिती शोधत होते. सामना होता वॉशिंग्टन विरुद्ध टेनेसी टायटन्स, आणि निवडणूक होती आठ दिवसांवर. साहजिकच त्यांनी संघाचे जुने निकाल आणि निवडणुकांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले, आणि जुळणी हाती लागली.

आता वहीत १९९६ आणि २००० यांच्या मधोमध तांबडी रेघ मारा. रेघेच्या वरच्या पंधरा ओळी पाहूनच नियम तयार झालेला आहे. त्या जुळतात यात नवल नाही. त्या जुळल्या नसत्या तर हा नियम आपल्या कानावरच आला नसता. भिंतीवर आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, तसं हे आहे. नियमाची खरी परीक्षा रेघेच्या खाली सुरू होते, कारण तिथे भाकीत आधी आणि निकाल नंतर आहे.

रेघेखालच्या सात ओळी अशा:

२०००: टायटन्सकडून २१-२७ हार. भाकीत: सत्ता बदलणार. धाकटे बुश आले. बरोबर.
२००४: पॅकर्सकडून १४-२८ हार. भाकीत: केरी. बुशच राहिले. चूक.
२००८: स्टीलर्सकडून ६-२३ हार. भाकीत: सत्ता बदलणार. ओबामा आले. बरोबर.
२०१२: पँथर्सकडून १३-२१ हार. भाकीत: रॉम्नी. ओबामाच राहिले. चूक.
२०१६: फिलाडेल्फिया ईगल्सवर २७-२० विजय. भाकीत: हिलरी क्लिंटन. ट्रम्प आले. चूक.
२०२०: काउबॉइजवर २५-३ विजय. भाकीत: ट्रम्प राहणार. बायडन आले. चूक.
२०२४: बेअर्सवर १८-१५ विजय. भाकीत: हॅरिस. ट्रम्प आले. चूक.

रेघेच्या वर पंधरापैकी पंधरा, खाली सातपैकी दोन.

(पहिल्या शनिवारी, २ नोव्हेंबरला, आम्ही हा तक्ता केला तेव्हा शेवटच्या ओळीतला निकाल कोरा होता. मुलीनं तिथे "हॅरिस?" असं लिहून प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.)

भाकीत आधी बंद पाकिटात आणि निकाल नंतर, ही पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा नेमकी हीच शिस्त पाळली होती. कुंडल्या हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या अशा मिसळलेल्या होत्या. कुठली कुणाची हे न सांगता ज्योतिषांकडे प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि मग उत्तरं ताडून पाहिली. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि त्यांचं यश भरलं ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के मिळाले असते. त्या चाचणीत निकाल आधी ठाऊक असलेलं कुणी उत्तर देत नव्हतं. आपल्या नियमाच्या पहिल्या पंधरा ओळींत मात्र सगळे निकाल आधीच ठाऊक होते.

पायरी ४: किती आश्चर्य वाटायला हवं, ते आकड्यात मांडा

तरीही पंधरापैकी पंधरा म्हणजे थोडं नव्हे, असं मनात राहतंच. मग मोजू या.

नाणं पंधरा वेळा उडवून प्रत्येक वेळी अंदाज बरोबर येण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. पंधरा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला की हा आकडा येतो. पण इथे नाणं अगदी समतोल नाही. सत्ता पंधरापैकी नऊ वेळा टिकली, संघही नऊ वेळा जिंकला. दोन्ही गोष्टी जास्त वेळा 'होकारा'कडे झुकत असतील, तर त्या आपोआप थोड्या जास्त जुळतात. हिशेब असा: दोन्ही 'हो' येण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.३६, दोन्ही 'नाही' येण्याची ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६, बेरीज ०.५२. हे ०.५२ पंधरा वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला की सुमारे १८ हजारांत एक अशी शक्यता निघते. नाण्याच्या हिशेबापेक्षा आश्चर्य जवळजवळ निम्मं झालं.

अठरा हजारांत एक हाही दुर्मीळ आकडाच आहे. तो वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या पायरीत त्याची गरज आहे.

पायरी ५: शोधणाऱ्यानं किती दारं ठोठावली असती, ते मोजा

लॉटरीत एका माणसाला बक्षीस लागणं त्या माणसासाठी दुर्मीळ असतं, लॉटरीसाठी नाही. तेव्हा 'ही जुळणी किती दुर्मीळ' एवढंच विचारून भागत नाही. 'अशी कुठलीतरी एक जुळणी सापडणं किती दुर्मीळ' हे विचारायला हवं.

वहीचं नवं पान घ्या आणि दुसरे कोणते नियम 'सापडले' म्हणून गाजले असते, ते लिहीत जा. आम्ही असं मोजलं. वॉशिंग्टनऐवजी दुसरा संघ चालला असता: समजा तीस संघ. घरच्या शेवटच्या सामन्याऐवजी बाहेरचा शेवटचा, हंगामाचा पहिला, घरचा पहिला, निवडणुकीआधीचा कुठलाही शेवटचा किंवा त्याच्या आधीचा सामना: सहा पर्याय. जिंकणं-हरणं याऐवजी वीसपेक्षा जास्त गुण करणं, मध्यंतराला पुढे असणं, मागच्या सामन्यापेक्षा जास्त गुण मिळवणं: चार पर्याय. 'जिंकला तर सत्ता टिकते' च्या ऐवजी 'हरला तर सत्ता टिकते' असा उलटा नियमही तितकाच चमत्कारिक वाटला असता: दोन पर्याय. आणि सत्ता टिकण्याऐवजी डेमोक्रॅट जिंकणं किंवा दोघांतला उंच उमेदवार जिंकणं: तीन पर्याय.

तीस गुणिले सहा गुणिले चार गुणिले दोन गुणिले तीन: ४,३२०. हे झालं एका खेळाचं. बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी धरून चार खेळ घेतले तर १७,२८०.

वर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा होता सुमारे १८ हजार.

हा हिशेब ढोबळ आहे, हे लपवत नाही. यातले बरेच नियम एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि १९४० मध्ये या फुटबॉल संघटनेत जेमतेम दहा संघ होते. पण दुसऱ्या बाजूनं पाहा: एखादा संघ १९६० मध्ये सुरू झाला असता आणि तेव्हापासून दहापैकी दहा जुळलं असतं, तरी ती बातमी झालीच असती. शिवाय विद्यापीठांचे संघ, घोड्यांच्या शर्यती, पावसाचे आकडे यांतलं काही आम्ही मोजलेलंच नाही. इतकी दारं ठोठावल्यावर एखादं उघडलं, तर ते आपल्यासाठीच उघडलं असं समजायचं कारण उरत नाही.

अमेरिकेच्या अध्यक्षांबाबतच अशी आणखी एक प्रसिद्ध माळ आहे. १८४० पासून दर वीस वर्षांनी निवडून आलेले सात अध्यक्ष पदावर असतानाच गेले: हॅरिसन, लिंकन, गारफील्ड, मॅकिन्ले, हार्डिंग, फ्रँकलिन रूझवेल्ट, केनेडी. १९८० चे रेगन १९८१ मध्ये गोळी लागूनही वाचले आणि माळ तुटली. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात, म्हणजे पायाने खेळायच्या फुटबॉलच्या, जर्मनीतल्या ओबरहाउझनच्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस आठपैकी आठ सामने बरोबर ओळखून जगभर गाजला. शक्यता २५६ मध्ये एक. त्याच वेळी सिंगापूरमध्ये मणी नावाचा पोपटही चिठ्ठ्या उचलत होता. अंतिम सामन्यात त्यानं नेदरलँड्सची चिठ्ठी उचलली, जिंकलं स्पेन. पॉल आजही लोकांना आठवतो, पण मणीचं नाव आता कुणी काढत नाही.

पायरी ६: हजार काल्पनिक संघ तयार करा

हे वाचून पटणं आणि डोळ्यांनी पाहणं यांत फरक आहे. मुलीला पटलं ते इथे, म्हणून ही पायरी चुकवू नका. अर्धा तास पुरतो.

तक्त्याच्या शीटमध्ये उभे बावीस रकाने घ्या. एकेक रकाना म्हणजे १९४० ते २०२४ मधली एकेक निवडणूक. आडव्या हजार ओळी घ्या. एकेक ओळ म्हणजे एकेक काल्पनिक संघ. प्रत्येक चौकटीत ० किंवा १ यांतला एक आकडा आपोआप टाकणारं सूत्र भरा. बहुतेक शीटमध्ये त्याचं नाव 'रँडबिटवीन' असतं. १ म्हणजे त्या निवडणुकीत त्या संघाचा नियम बरोबर ठरला, ० म्हणजे चुकला. इथे एक अडचण येते: तुम्ही शीटमध्ये काहीही केलं की सगळे आकडे पुन्हा बदलतात. म्हणून सगळ्या चौकटी निवडून, नक्कल करून, 'फक्त किंमती' हा पर्याय वापरून त्याच जागी चिकटवा. आकडे गोठतात.

मग तेविसाव्या रकान्यात पहिल्या पंधरा चौकटींची बेरीज करा, चोविसाव्यात उरलेल्या सातांची. तेविसाव्या रकान्याप्रमाणे मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावा.

वर आलेले संघ पाहा. हजारांपैकी सतरा-अठरा संघ पंधरापैकी बारा किंवा अधिक वेळा बरोबर निघतात, तीन-चार संघ तेरा किंवा अधिक वेळा. तुमच्या शीटमध्ये आकडे थोडे पुढेमागे होतील. आमच्या शीटमध्ये सगळ्यात वरचा संघ चौदा वेळा बरोबर होता. मुलीनं त्याला लगेच नाव दिलं, 'नागपूर वाघ', आजोळ नागपूरचं म्हणून. या वाघांमागे काही नाही, नुसते संगणकाने उधळलेले आकडे आहेत, हे तिला ठाऊक होतं. तरीही त्यांची पुढची सात भाकितं बघायला ती खुर्चीच्या टोकावर आली.

सातपैकी तीन बरोबर.

वरच्या वीस संघांच्या चोविसाव्या रकान्याची सरासरी काढा. ती साडेतीनच्या आसपास येईल, म्हणजे निम्मी. तळाच्या वीस संघांचीही तितकीच. मागच्या पंधरा निवडणुकांतली हुशारी पुढच्या सातांत कुठेच उतरत नाही. तेविसावा आणि चोविसावा या दोन रकान्यांच्या मधली उभी रेघ म्हणजे आपल्या वहीतली तांबडी रेघ.

पायरी ७: कारण असू शकतं का, हे प्रामाणिकपणे शोधा

आकडे जुळले म्हणून कारण असतं असं नाही; तसंच योगायोग शक्य आहे म्हणून कारण नसतंच, असंही नाही. म्हणून कारणाची बाजू मांडून पाहायला हवी. मांडणी अशी होऊ शकते: संघ जिंकला, लोक खूश झाले, खुशीत त्यांनी सत्तेवर असलेल्याला मत दिलं.

आता वॉशिंग्टन शहराकडे पाहा. राजधानीच्या रहिवाशांना अध्यक्षासाठी मत देण्याचा हक्क १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीनं मिळाला आणि त्यांनी पहिल्यांदा मत दिलं १९६४ मध्ये. म्हणजे १९४० ते १९६० या सहा निवडणुकांत, जेव्हा नियम सहाही वेळा 'खरा' ठरला, संघाच्या शहराला अध्यक्षासाठी मतच नव्हतं. १९६४ पासून शहरात दर वेळी डेमोक्रॅट उमेदवारच जिंकला आहे, संघ जिंको की हरो. पोटोमॅक नदीच्या अलीकडे आमच्या व्हर्जिनियानं १९६८ ते २००४ या दहाही निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवार निवडला आणि २००८ पासून दर वेळी डेमोक्रॅट. संघाच्या जय-पराजयानं या दोन्ही ठिकाणी काही हललेलं दिसत नाही. मग ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियातला मतदार वॉशिंग्टनच्या विजयाने का हलावा?

फुटबॉल आणि मतदान यांच्यावर खरंखुरं संशोधनही झालं आहे. हीली, मल्होत्रा आणि मो या संशोधकांनी २०१० मध्ये लिहिलं की निवडणुकीच्या आधीच्या दहा दिवसांत स्थानिक विद्यापीठाचा संघ जिंकला, तर त्या भागात सत्ताधारी पक्षाचा मतांमधला वाटा सुमारे १.६ टक्के-बिंदूंनी वाढतो. ही मांडणी आपल्या नियमापेक्षा कितीतरी शहाणी आहे: संघ जिथला, मतदार तिथला, आणि कारणही पटण्यासारखं. पण २०१५ मध्ये फाउलर आणि माँटान्ये यांनी तीच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी तपासली. परिणाम खरा असता तर तो जिथे ठळक दिसायला हवा होता तिथे तसा दिसेना, आणि व्यावसायिक संघांच्या सामन्यांचा तर परिणामच आढळेना. आधीचा निष्कर्ष योगायोगातून आला असावा, असं त्यांनी मांडलं. मुरलेल्या संशोधकांच्या हातातही हा प्रश्न इतका निसरडा आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

पायरी ८: ठिगळं मोजा

२००४ मध्ये नियम चुकल्यावर हर्ट यांनी त्यात दुरुस्ती केली. आधीच्या निवडणुकीत देशभर जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरला असेल, तर यंदा नियम उलटा वाचायचा. २००० मध्ये डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त होती, पण निर्वाचक मतांत, म्हणजे राज्यवार वाटलेल्या आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या मतांत, ते हरले. म्हणून २००४ चा निकाल उलटा वाचायचा, आणि मग तो बरोबर ठरतो.

दुरुस्ती करायला हरकत नाही, पण हिशेबाचा दंडक पाळा: ज्या वर्षासाठी ठिगळ लावलं, ते वर्ष यशात धरायचं नाही. नवी तांबडी रेघ २००४ च्या खाली मारा. दुरुस्त नियम २००८ मध्ये बरोबर, २०१२ मध्ये चूक, २०१६ मध्ये चूक. २०१६ मध्ये क्लिंटन यांना जास्त मतं मिळूनही त्या हरल्या, म्हणून २०२० मध्ये नियम उलटा वाचायचा, आणि तो बरोबर येतो. २०२४ मध्ये पुन्हा सरळ, आणि चूक. पाचपैकी दोन.

इथे कुणीतरी म्हणेल की २०१६ मध्ये जास्त मतं क्लिंटन यांनाच होती, मग नियम एका अर्थी खरा नाही का? त्याला पहिल्या पानावरचं पेनाने लिहिलेलं वाक्य दाखवा.

पायरी ९: उलट्या मोहापासून सावध राहा

सातपैकी पाच वेळा चूक पाहिल्यावर माझ्या मुलीच्या तोंडून आलं, "मग बाबा, नियम उलटा झालाय का? संघ जिंकला की सत्ता जाते?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि याच वाटेने नवे नियम जन्माला येतात. उत्तर पुन्हा मोजूनच द्यायचं. नाणं सात वेळा उडवलं, तर दोन किंवा त्याहून कमी वेळा अंदाज बरोबर येण्याची शक्यता १२८ पैकी २९, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. दर चार-पाच प्रयत्नांत एकदा असं होणारच. जुना नियम खोटा ठरला तेवढ्यानं उलटा नियम खरा होत नाही.

तरीही कुणाला उलट्या नियमावर विश्वास ठेवायचा असेल, तर त्याला अडवू नका. त्यानं तो नव्या पानावर पेनाने लिहावा, खाली आजची तारीख घालावी आणि तांबडी रेघ आजच्या तारखेखाली मारावी. पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. कमांडर्सचा त्याआधीचा घरचा शेवटचा सामना कुठला, हे त्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर झालं की कळेल.

आमच्या वहीत ते पान तयार आहे. रेघेखाली एकच ओळ आखलेली आहे, आणि तिचे पाचही रकाने कोरे आहेत.